पप्पा पाण्यात उभे राहिले तेव्हा

पप्पांच्या मते पाण्याला चेहरा असतो आणि तो दर सकाळी वेगळा असतो. माणसांचे चेहरे त्यांना फारसे वाचता येत नसत. आईचा तर मुळीच नाही, नाहीतर आयुष्यातली निम्मी वाक्यं त्यांनी गिळली असती. पण सकाळी राखुंडी तोंडात धरून ते मागच्या दारी जायचे, बावखलाकडे बघायचे आणि चूळ भरायच्या आधीच निकाल द्यायचे, "आज आरसा." म्हणजे आज काही खरं नाही. मग शाळेत जाऊन ते पोरांना गणित शिकवायचे, आणि त्या दिवशी पोरांचंही काही खरं नसायचं.

बोळिंजच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांना वरून आमची गावं दिसतात, तेव्हा वाड्यांच्या हिरव्यात मधेमधे काहीतरी सपाट हिरवं दिसतं. ते बावखल. गोड्या पाण्याचं घरगुती तळं. कोणा पूर्वजाने घराच्या जोत्यासाठी माती उकरली, खड्ड्यात पाणी साचलं, त्यावर केळी आणि पानवेली जगल्या, आणि पुढच्या पिढ्यांना वाटायला लागलं की हे देवाने दिलं. आमचं बावखल स्वयंपाकघराच्या मागे होतं. भांडी घासताना आईच्या हातातून चमचा निसटला की तो बावखलाचा. माझ्या हिशेबाने तळाशी अजून एका लग्नाचे तरी चमचे असतील.

तर पाणी. वारा नसला की आरसा. आरशात तुम्हाला मासा दिसत नाही, पण माशाला तुम्ही दिसता, तुमची काठी दिसते, तुमच्या मनातला रस्साही दिसतो, असं पप्पा म्हणायचे. उन्हं वर आली आणि समुद्राकडून वारा सुटला की पाण्यावर बारीक सुरकुत्या पडायच्या, ती जरी. जरी आली की त्यांचा पाय घरात टिकत नसे, कारण सुरकुत्यांत दोरीची सावली मोडते, काठावरचा माणूस मोडतो आणि वर हलणारा गळाचा बेडूक तेवढा खरा वाटतो. रिमझिम लागली की चाळण. मग मासा बघत नाही, ऐकतो; तेव्हा बेडूक ओढायचा नाही, एका जागी थपथप नाचवायचा. टिकलीएवढ्या पानांनी पाणी झाकलं की गोधडी. गोधडीवरून बेडूक ओढला की मागे काळी रेघ उमटते आणि त्या रेघेखालून मरळ चालत येते, असं ते सांगत. डासांसाठी तेल मारायला माणसं येऊन गेली की पाण्यावर साय धरायची, रंगीबेरंगी, आणि मग आठवडाभर पप्पांचं तोंड बघवत नसे. शेजारच्या कैतानकाकांचा सिद्धांत एवढाच होता की मासा भुकेला असला की खातो. या विषयावर दोघे बांधावर उभे राहून तास तास भांडायचे. दोघांनी मिळून जन्मभरात पकडलेल्या मरळी आमच्या घरातल्या एका परातीत मावल्या असत्या.

बेडूक खोटा असायचा. जिवंत बेडकाच्या पाठीत गळ खुपसणं पप्पांना जमत नसे. ते शाळेत छडीही टेबलावरच मारायचे. देवळातल्या मिस्साच्या वाईनची बुचं घंटा वाजवणारा मिंगेल त्यांना आणून द्यायचा. त्या बुचाला चाकूने बेडकाचा आकार द्यायचा, खालून गळ, मागे सायकलच्या ट्यूबचे दोन पाय, आणि वर आईच्या चुलीतली काजळी. "आशीर्वाद दिलेलं बूच आहे," ते म्हणायचे, "मासा स्वर्गातच जाणार." आई कपाळावर क्रूस काढायची, ते पापाला घाबरून की नवऱ्याला कंटाळून, मला कधी कळलं नाही. परवा आमच्या बावखलावर नालासोपाऱ्याची दोन पोरं आली होती, हातात काळ्या चकचकीत काठ्या, आणि डब्यात रबरी बेडूक मांडलेले, आईच्या चमच्यांपेक्षाही महाग. मोबाइलपुढे उभा राहून त्यातला एक सांगत होता की पाण्यावर हलकी लाट असली की मासा वर येऊन मारतो. मी म्हटलं, बाळा, त्याला जरी म्हणतात. त्याने माझा व्हिडिओ काढला. आता मी कुठल्यातरी गल्लीत फेमस असेन.

मरळ हा मासा पाण्यात राहतो पण त्याला वरची हवा लागते. मधेमधे तो वर येतो, एक घोट हवा घेतो आणि बुडतो. रोहू उडी मारतो तेव्हा पाण्याचा नुसता चिखल करतो. मरळीचा एकच गोल उठतो, जाड, सावकाश पसरणारा, आणि मधे काही नाही. हा गोल ओळखणं आमच्या घरात पप्पांच्या खालोखाल फक्त सेलिनताईला जमायचं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती पायरीवर बसून वेणी घालता घालता मान न वळवता सांगायची, "पप्पा, केवड्याखाली." आणि मरळ तिथे असायची. मी मात्र पिकलेला नारळ पडला तरी मरळ मरळ म्हणून ओरडायची. पप्पा मला म्हणायचे, फिलू, तू बँडमध्ये जा.

ताईचं लग्न झालं ते बोटीवर काम करणाऱ्या मुलाशी. लग्नाच्या फोटोतला त्याचा अर्धा भाग कैतानकाकांच्या डोक्यामागे आहे आणि पुढची काही वर्षं आम्ही त्याला तेवढाच ओळखत होतो. पहिल्या बाळंतपणाला ताई माहेरी आली तेव्हा तो कुठल्यातरी समुद्रात होता. जुलैचा महिना, होड्या कळंबच्या किनाऱ्यावर नारळाच्या झावळांखाली झाकलेल्या. मुलगी झाली, गोरीपान, पप्पांसारखी बिनकामाची लांब बोटं. आणि बाळ झाल्यावर ताई जी भिंतीकडे तोंड करून निजली ती निजलीच.

आज याला शब्द आहे. माझी भाची स्वतः डॉक्टर आहे आणि ती तो शब्द अगदी सहज उच्चारते, जसं आपण सर्दी म्हणतो. तेव्हा आमच्याकडे शब्द नव्हता, उपाय भरपूर होते. कळंबहून रोज सकाळी मथुरामावशी यायची, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला. तिचे हात नांगराच्या फाळासारखे. बाळाला ती पायांवर घेऊन असं रगडायची की मला वाटायचं आता याच्या चकल्या पाडणार. तिच्या हुकमाने खोलीची खिडकी बंद, वर जाड चादर, आत शेगडी, शेगडीवर ओवा. जुलैच्या दमटात त्या खोलीत पाच मिनिटं बसलं की माणूस धर्मांतराला तयार होईल. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, आगाशीहून वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आली, कोंबड्या एकेक करून खुराड्यातून कमी झाल्या. ताई दोन घास खायची आणि ताट सरकवायची. सुकेळी मी खाल्ली. कोणीतरी खायला हवी होती.

बाळाची मात्र चंगळ होती. ते कधी आईकडे, कधी मथुरामावशीकडे, कधी कैतानकाकांच्या बायकोकडे. पहिले काही दिवस ताईने हात पुढे केले होते, मला आठवतं. पण तिने बाळ घेतलं की आई म्हणायची, मान सांभाळ. तिने पदराखाली घेतलं की मथुरामावशी म्हणायची, असं नाय, तसं नाय, आन इकडं. बाळ रडलं की कोणीतरी पुढे येऊन उचलून न्यायचं, ताईला विश्रांती मिळावी म्हणून. सगळं प्रेमापोटी. पुढे ताईने हात पुढे करणं सोडलं. दूध आटत गेलं आणि बाळाला बकरीचं दूध पाणी घालून बोंडल्याने पाजायला लागले. फादर येऊन आशीर्वाद देऊन गेले, चहा पिऊन गेले, खोलीतून बाहेर येताना झग्याने तोंड पुसत होते. विरारचे डॉक्टर आले. ते पप्पांना अंगणात घेऊन हळू आवाजात बोलले. ही अशीच राहिली तर मुंबईला न्यावं लागेल, बाळ वेगळं ठेवावं लागेल. पप्पांनी त्यांना सोडायला फाटकापर्यंत जायचं ते थेट स्टेशनपर्यंत गेले. परत आले तेव्हा छत्री मिटलेली होती आणि ते भिजलेले होते.

दुसऱ्या दिवशी मथुरामावशीने पाटावर बसून जाहीर केलं, "कोंबरीनं काय नाय होनार. मरळ द्या तिला. जिवंत मरळीचा रस्सा. दूध येल, डोलं उघरतील." समुद्र बंद होता, बाजारात सुकट आणि सुके बोंबील. आणि जिवंत मरळ आमच्या मागच्या दारात होती. आईने पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी बावखलाकडे पाहिलं.

मग जे सुरू झालं त्याला आई पुढे कायम 'तुमच्या पप्पांची कारणं' म्हणायची. पहिल्या दिवशी पप्पा गेले आणि हात हलवत आले: आरसा होता. खरंच होता, उघडीप होती, केळीचं पान हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेलवाले येऊन गेले होते, साय धरली होती. तिसऱ्या दिवशी पावसाने साय फोडली, मस्त चाळण झाली, आणि ते म्हणाले की चाळण फार जाड आहे, बेडकाचा आवाज पोचत नाही. त्याच्या पुढच्या दिवशी दहाला वारा सुटला. पाण्यावर इतकी सुंदर जरी आली की मलाही दिसली. मी काठी आणून त्यांच्या हातात दिली. ते पायरीवर बसले आणि बुचाच्या बेडकाचे पाय ताणत राहिले. म्हणाले, गाठ सैल आहे.

आईने परात खाली ठेवली. ती बोलायला लागली की पप्पा हळूहळू बारीक होत, पण त्या दिवशी ती मोठ्याने बोललीच नाही.

"उंबराखाली पाणी उकळतंय चार दिवस. मला दिसत नाही वाटलं तुम्हाला?"

आता उकळी म्हणजे काय ते सांगायला हवं. मरळीची पिल्लं झाली की ती शेकड्यांनी एका घोळक्यात राहतात, लाल, तांदळाएवढी. त्यांनाही वरची हवा लागते, म्हणून पाण्याचा तेवढाच एक ठिपका सारखा हलतो, डाळीला उकळी फुटावी तसा. त्याच्या खाली आई उभी असते. त्या दिवसांत ती काही खात नाही, पण उकळीवरून जे जाईल त्याच्यावर तुटून पडते. बेडूक असो, पाणसाप असो, वाईनचं बूच असो. तेव्हा पाण्याचा चेहरा बघायची गरज नाही. कैतानकाकाही पकडतील. म्हणूनच आमच्या घरात तो एकच नियम होता: उकळीवर गळ टाकायचा नाही. आई गेली की दोन दिवसांत खंड्या आणि बगळे मिळून घोळका संपवतात. पप्पा आम्हाला दहा आज्ञा पाठ झाल्या की नाही ते विचारत नसत, पण ही अकरावी विचारायचे.

"ती पिल्लांवर आहे," पप्पा म्हणाले.

"तुमची लेक कुठली?" आई म्हणाली. "घरात निजलीय ती, की पाण्यात आहे ती?"

पप्पा उठले. मी मागे गेले. त्यांनी फार वेळ लावला नाही. उंबराच्या मुळांपासून दहा हातांवर उभे राहिले, काठी मागे घेतली आणि बेडूक उकळीच्या पलीकडे टाकला. एकदाच ओढला. पाणी फुटलं ते घोट घेताना फुटतं तसं नव्हतं, आतून कोणी लाथ मारावी तसं होतं. काठी वाकली, पप्पा मागे चालत गेले, चालत गेले, आणि मरळ चिखलावर येऊन पडली, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, डोकं सापासारखं. सगळ्या गावाला ऐकवायचा मासा होता तो, आणि पप्पांनी तो बादलीत टाकून वर फडकं घातलं. हात तीनदा धुतले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी बादलीकडे बघत राहिले.

आईने रस्सा केला, पातळ, मिरी आणि लसूण, बाटलीतला मसाला चिमूटभर. त्या वासाने कैतानकाका कुंपणापर्यंत आले. आईने वाटी घेऊन ताईला उठवून बसवलं, आम्ही सगळे दारात उभे, मथुरामावशी सर्वांत पुढे, कारण तिची अब्रू वाटीत होती. ताईने दोन चमचे घेतले. आमचे चेहरे बघून तिसराही घेतला. मग म्हणाली, "छान झालाय, आई," आणि भिंतीकडे वळली.  पप्पा दारातून निघाले, कोनाड्यातली छत्री घेतली, गुरं हाकायची काठी घेतली आणि धोतर खोचून बावखलात उतरले.

ते उकळीशेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. एका हातात छत्री, एका हातात काठी. खंड्या आला की काठी, बगळा उतरला की छत्री. दुपार गेली, संध्याकाळ झाली. आई दोनदा बोलावून आली. अंधार पडल्यावर ते वर आले, पेज प्यायले, आणि उजाडताच पुन्हा पाण्यात. गावात बातमी पसरायला आमच्याकडे चर्चच्या घंटेची कधीच गरज पडली नाही. पोरं बांधावर येऊन बसली. त्यांना वाटलं मास्तरांचं गणित चुकलं. कैतानकाका टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि म्हणाले, पास्कल, पिल्लांना पाढे शिकवतोस काय?  ज्याच्याशी तीस वर्षं भांडले त्याला पप्पांनी उत्तर दिलं नाही म्हणून कैतानकाका घाबरले आणि घरी जाऊन बायकोला म्हणाले की मास्तरच्या घरात आता दोन आजारी आहेत.

तो रविवार होता आणि पप्पा मिस्साला आले नाहीत. मिस्सा संपल्यावर फादर सायकलवरून वाडीत आले, झगा वर धरून बांधावरून चालत आले आणि उभे राहिले. पप्पांनी पाण्यातूनच नमस्कार केला. म्हणाले, फादर, प्रभूने पहिले शिष्य कोळ्यांतूनच निवडले होते. फादर म्हणाले, "हो मास्तर, पण ते बोलावल्यावर जाळी टाकून पाण्याबाहेर आले होते." सगळा बांध हसला. मीही हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांचे ओठ निळे पडले होते आणि त्यांच्या आजूबाजूला पिल्लं विस्कटलेली होती, कधी इकडे, कधी तिकडे, घोळका धड बनत नव्हता. पप्पा पाय हलवायचे, पाणी गढूळ व्हायचं, पिल्लं आणखी पांगायची, आणि ती एकत्र राहावीत म्हणून पप्पा आणखी पाय हलवायचे.

मी धावत ताईच्या खोलीत गेले. मला नक्की काय सांगायचं होतं ते आठवत नाही. बहुधा फादरांचा विनोद. आत शेगडी धुमसत होती, बाळ तिथे नव्हतं, ओटीवर आईच्या मांडीवर होतं. मी सांगून टाकलं, पप्पा कालपासून पाण्यात उभे आहेत, पिल्लं राखतायत, आणि सगळा गाव बघतोय.

 भिंतीकडेच तोंड ठेवून ताईने विचारलं, "पाणी कसं आहे?"

मला काय माहीत पाणी कसं आहे. मी खिडकीवरची चादर ओढली, खिळ्यासकट आली, आणि कडी काढली. उजेड आणि वारा एकदम आत आले. ताईने डोळ्यांवर हात धरला, हळूहळू उठून बसली, आणि खिडकीच्या गजांना धरून बघायला लागली. पाऊस थांबलेला होता. पप्पांच्या भोवती पाणी नुसतं खवळलेलं, पण पलीकडच्या कोपऱ्यात, केवड्याखाली, आरसा होता. ती पप्पांकडे बघतच नव्हती. त्या आरशाकडे बघत होती. मीही बघितलं आणि मला अर्थातच काही दिसलं नाही. मग एक गोल उठला. जाड, सावकाश पसरत गेलेला. मधे काही नाही.

"दुसरी आहे," ताई म्हणाली.

थोड्या वेळाने गोल पुन्हा उठला, आता पप्पांच्या जरा जवळ, अर्ध्या वाटेवर. मग पप्पांनी खंड्याला काठी उगारली, पाणी उसळलं, आणि पुढचा गोल पुन्हा केवड्याखाली. ताईने शाल ओढली. कानाला रुमाल होताच. ती माझ्या खांद्याला धरून उठली आणि मागच्या दाराने बाहेर पडली, अनवाणी, चिखलातून. मथुरामावशी तिकडून ओरडली, "बाळंतीन पान्याकर चालली, अवं धरा तिला," आणि तिला धरायला कोणीच पुढे झालं नाही, कारण त्या चालीने ताईला आम्ही त्या घरात कित्येक आठवडे पाहिलं नव्हतं. बांधावरची पोरं बाजूला झाली. फादरांनी सायकल सावरली.

"पप्पा," ताई काठावरून म्हणाली.

पप्पा वळले. तिला बघून त्यांच्या हातातली छत्री खाली आली. त्यांना वाटलं ती रागवायला आलीय. त्यांचा चेहरा मला समोरून दिसत होता, तो वाचायला काही लागत नव्हतं. ते म्हणाले, "एकही जाऊ दिलं नाही मी. तू काळजी करू नकोस. मोठी होईपर्यंत मी इथेच आहे."

"पप्पा, बाहेर या. त्यांचं दुसरं माणूस आहे तिकडे. केवड्याखाली." तिचा आवाज बसलेला होता, न वापरल्यासारखा. "कालपासून यायला बघत असणार. तुम्ही उभे आहात म्हणून ती जवळ येत नाही."

पप्पांनी केवड्याकडे पाहिलं. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पाणी दिसत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं असतं, सुचलं असतं तर. आज मला माहीत आहे की मरळीची पिल्लं आई आणि बाप दोघेही राखतात. पुस्तकात आहे, पोरांच्या व्हिडिओतही आहे. आमच्या घरात तेवढी चौकशी कोणी केली नव्हती. आम्ही सगळे एकीलाच आई समजून बसलो होतो आणि बाकीच्यांना मासे.

ते बाहेर आले. धोतर पायांना चिकटलेलं. काठी त्यांनी काठावर ठेवली आणि ते पायरीवर बसले.  पाणी निवळायला बराच वेळ लागला. गढूळ खाली बसलं, लाटा विरल्या, उंबराखाली पुन्हा आरसा झाला. आणि मग पिल्लं एकेक करून जमायला लागली, इकडून दोन, तिकडून चार, ठिपका हलायला लागला, आणि त्याच्या खालून एक लांब काळी सावली सरकत येऊन थांबली. उकळी तिच्या डोक्यावर फुटली. पप्पांनी डोळे पुसले. बावखलाचं पाणी होतं असं ते पुढे म्हणायचे, आणि आम्ही ते मान्य करायचो.

मी ताईला दाखवायला वळले तर ती तिथे नव्हती. ती ओटीकडे चालली होती. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी बकरीच्या दुधाची वाटी आणि बोंडलं. ताईने हात पुढे केले. आईने तिच्याकडे पाहिलं, चिखलाच्या पायांकडे पाहिलं, आणि बाळ दिलं. देता देता म्हणाली, "मान सांभाळ."

"सांभाळते," ताई म्हणाली. "आई, तू जरा बाहेर थांब. मावशी, तुम्हीपण."

ती आत गेली आणि दार लोटलं.  मथुरामावशीला आयुष्यात कधी बाळंतिणीने बाहेर काढलं नव्हतं. आई अंगणात येऊन उभी राहिली. बाळाचं दुपटं तिच्या हातातच राहिलं होतं. पप्पा पायरीवरून उठून तिच्या शेजारी आले, अंगावरून पाणी निथळत. आतून बाळ रडायला लागलं. आधी बारीक, मग टिपेला. आई दाराकडे निघाली तेव्हा पप्पांनी तिचा पदर धरला. ती थांबली. तिच्या गळ्यातला क्रूस वरखाली होत होता. बाळ रडत राहिलं, मधे ताईचा आवाज आला, काहीतरी म्हणत होती, शब्द कळले नाहीत. मग रडणं तुटक झालं. मग एक उचकी आली आणि आत एकदम शांत झालं.

"पदराखाली घेतलं," आई म्हणाली.

पप्पांनी मान हलवली. पदर त्यांनी सोडला नाही आणि तिने सोडवून घेतला नाही, आणि आम्ही कोणी दाराजवळ गेलो नाही.